चिंचोक्यांचे गणित
(औंढा नागनाथ येथील ज्ञातिमेळाव्यातील भाषण)



मूल वजाबाकीस भिते ते मंदबुद्धी म्हणून नव्हे. हाताला अनुभव येण्यापूर्वीच आपण त्यास चिन्हे घोकावयास लावतो म्हणून. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस आरंभिलेल्या बालवाडीत शिंपले, खडे, बिया हीच साधने मानली.

आपणही आठ चिंचोके मांडावे, मूल डोळे मिटून असता तीन मुठीत झाकावे आणि विचारावे, “मुठीत किती?” मूठ उघडताच उत्तर त्याचे त्यासच पडताळते. चिंचोके पुन्हा एकत्र केले की बेरीज झाली.

ज्या माताभगिनींस शाळा लाभली नाही, त्याही हा डाव खेळवू शकतील. दिवेलागणीची दहा मिनिटे त्यांनी मुलांस द्यावी, एवढेच आमचे मागणे आहे.