पात्रतेच्या रकान्यात

पिढ्यान्‌पिढ्या तामिळनाडूत राहून घरात मराठी जपणारी मंडळी, महाराष्ट्रातून रात्रभर गाडीत बसून आलेले प्राध्यापक आणि मागच्या रांगांत बसलेल्या माझ्या विद्यार्थिनींनो,

विषय मानवी परिस्थितिविज्ञानातल्या नोकऱ्यांचा आहे, आणि त्याची सुरुवात मला याच शहरातल्या एका जुन्या घटनेपासून करायची आहे. 22 सप्टेंबर 1914 च्या रात्री एम्डेन या जर्मन युद्धनौकेने मद्रास बंदरावर तोफा डागल्या. तेलाच्या टाक्या पेटल्या. चेन्नईकरांना ही गोष्ट पाठ आहे. पुढच्याच महिन्यात याच एम्डेनने क्लॅन ग्रँट नावाचं जहाज बुडवलं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. त्या जहाजात पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश अभ्यासकाचं नगररचनेचं अख्खं प्रदर्शन होतं. नकाशे, चित्रं, वर्षानुवर्षं जमवलेलं सगळं समुद्राच्या तळाशी गेलं. गेडिस मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. झाड जसं माती, पाणी, ऊन यांच्यासकट समजून घ्यायचं, तसं शहर माणसांसकट समजून घ्यायचं, हा त्यांचा आग्रह. त्यांनी मित्रांकडून नवं साहित्य मागवलं आणि 1915 च्या जानेवारीत मद्रासमध्ये प्रदर्शन मांडलंच.

त्यानंतर ते या इलाख्यातली गावं पायी हिंडले. तंजावरला गेले. जिथे पावणेदोनशेहून अधिक वर्षं मराठी राजांनी राज्य केलं, त्या किल्ल्यातल्या दाट वस्तीतून सरळ रस्ता काढायचा आणि त्यासाठी घरांच्या ओळीच्या ओळी पाडायच्या, असा बेत होता. गेडिस गल्लीगल्लीत फिरले. मोजकी पडकी घरं काढून झाडाला आणि वाऱ्याला जागा केली, तर बाकीची कुटुंबं जागच्या जागी राहतात आणि खर्चही कितीतरी कमी येतो, हे त्यांनी कागदावर दाखवून दिलं. तलाव हिवतापाच्या भीतीने बुजवू नका, त्यात मासे आणि बदकं सोडा, असंही ते सांगत. आधी पाहणी, मग आराखडा, ही त्यांची रीत.

1919 मध्ये हेच गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांच्या विभागाची धुरा पुढे गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली आणि घुर्ये यांच्या हाताखाली इरावती कर्वे शिकल्या. ‘युगान्त’च्या इरावतीबाई आपल्याला माहीत आहेत. पण कोयना धरणाने उठवलेल्या माणसांची पाहणी करणाऱ्या इरावतीबाईंना आपण विसरतो. जाई निंबकर यांच्यासह त्यांनी केलेला तो अभ्यास डेक्कन कॉलेजने 1969 साली प्रसिद्ध केला. धरण झालं, वीज आली. पण नदीकाठचं शेत, सरपणाचं रान, सोयरीक जुळणारी पंचक्रोशी सोडून गेलेल्या कुटुंबाचं नव्या जागी काय झालं, हे विचारायला कुणीतरी त्यांच्या दारात जावं लागतं. मानवी परिस्थितिविज्ञान ते हेच. गेडिस, घुर्ये, इरावतीबाई या साखळीतल्या एकाच्याही पदनामात हे दोन शब्द नव्हते.

आजही नाहीत. वर्तमानपत्रात ‘मानवी परिस्थितिविज्ञ पाहिजे’ अशी जाहिरात मी चाळीस वर्षांत एकदाही पाहिली नाही. म्हणून तर प्रवेशाच्या वेळी पालक विचारतात, “मॅडम, हे शिकून मुलगी पुढे होणार कोण?” प्रश्न रास्त आहे. आमच्या विषयाचं नावच स्थिर राहिलेलं नाही. आम्ही शिकलो तेव्हा तो गृहविज्ञान होता, सगळ्यांच्या तोंडी होम सायन्स. कृषी विद्यापीठांत आता तो सामुदायिक विज्ञान झाला आहे. एनसीईआरटीच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकावर ‘मानव परिस्थितिकी आणि कुटुंबशास्त्र’ या अर्थाचं नाव आहे. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने 1969 मध्ये आपल्या होम इकॉनॉमिक्स कॉलेजचं नाव ह्यूमन इकॉलॉजी केलं.

नावं बदलली तरी मूळ एकच आहे, आणि ते फार अभिमानाचं आहे. एलेन स्वॉलो रिचर्ड्स ही एमआयटीमधून 1873 मध्ये पदवी घेणारी पहिली स्त्री. रसायनशास्त्राची. तिने मॅसॅच्युसेट्समधल्या नद्या-तलावांचं पाणी हजारो बाटल्यांत भरून तपासलं आणि त्याच वेळी घरातली चूल, सांडपाणी, मुलांचं जेवण हेही प्रयोगशाळेचे विषय आहेत, असं ठामपणे मांडलं. नदी आणि स्वयंपाकघर तिने वेगळं मानलं नाही. आमच्या महाविद्यालयांनी पुढे स्वयंपाकघर ठेवलं आणि नदी सोडली. ती आमची चूक होती, आणि मी ती करणाऱ्या पिढीतलीच आहे.

इथे आपल्या मराठी माणसांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. तंजावरच्या व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयाला असलेल्या रघुनाथपंडित नवहस्तांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. धान्यं, भाज्या, दूध-ताक, पाणी यांचे गुणदोष त्यात आहेत. महाराष्ट्र सोडून कावेरीकाठी आलेल्या दरबाराने अन्नाचा एवढा विचार करावा, हे मला फार बोलकं वाटतं. मुलूख बदलला की ताट बदलतं, आणि ताट बदललं की माणसाला पुन्हा शिकावं लागतं.

आता या शहराकडे पाहा. 1 डिसेंबर 2015 च्या पावसात चेन्नई बुडाली. चार वर्षांनी, 2019 च्या उन्हाळ्यात, पूंडी, चोलावरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले आणि जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. महाराष्ट्रातून आलेल्यांना लातूर आठवलं असेल. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून निघालेली ती पाण्याची गाडी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. गाडी भरायला, वाघिणी जोडायला, जलवाहिनी टाकायला माणसं होती, आणि त्यांनी उत्तम काम केलं. पण त्या पाण्याचा टँकर कोणत्या गल्लीत शिरतो, कोणत्या गल्लीच्या तोंडाशी थांबतो, रांगेत उभी राहायला कोणत्या घरातली मुलगी शाळा बुडवते, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईच्या वाट्याला किती घागरी येतात, हे नोंदवायला पगारी माणूस किती ठिकाणी होता? पल्लीकरणैची दलदल 2022 मध्ये रामसर यादीत गेली, याचा मला आनंद आहे. त्याच दलदलीच्या कडेला पेरुंगुडीचा कचरा डेपो आहे आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावर माहिती-तंत्रज्ञानाच्या इमारती आहेत. पक्षी मोजायला तिथे तज्ज्ञ जातात. कचरा वेचणाऱ्या कुटुंबाचं पोट त्या डेपोवर कसं चालतं, हे मोजणारे फार थोडे.

हा विषय नीट हाताळला तर काय होतं, याचं देशातलं सर्वोत्तम उदाहरण इथून तासाभराच्या अंतरावर आहे. इरुळा समाज पिढ्यान्‌पिढ्या साप पकडून त्यांची कातडी विकत असे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, मग कातड्यांचा व्यापार थांबला, आणि हजारो माणसांची चूल विझायची वेळ आली. कायदा योग्य होता आणि भूकही खरी होती. 1978 मध्ये सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने इरुळांची सहकारी संस्था उभी राहिली. साप पकडायचा, त्याचं विष काढायचं आणि तो पुन्हा रानात सोडायचा. सर्पदंशावरच्या औषधासाठी देशाला लागणाऱ्या विषाचा फार मोठा वाटा आज या संस्थेकडून जातो. 2023 मध्ये वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन या दोन इरुळा जाणकारांना पद्मश्री मिळाली.

आता महाराष्ट्रातले फासेपारधी आठवा. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी नंदीवाले, वैदू, फासेपारधी यांचा अभ्यास करून दाखवलं होतं, की हे तिन्ही समाज एकाच माळरानावर शिकार करतात, पण प्रत्येकाची शिकार वेगळी, साधन वेगळं. एकमेकांच्या वाट्यात ते सहसा येत नाहीत. इतकं बारीक ज्ञान नोंदलं गेलं. कायद्याने पारध्यांचाही धंदा गेला. पण त्यांच्या कौशल्याला इरुळांसारखी पगाराची वाट कुणी काढून दिली नाही. गुन्हेगार म्हणून लागलेला जुना डाग तेवढा उरला. अभ्यास आणि उपजीविका यांच्यामध्ये जो माणूस उभा राहायला हवा होता, तो आपण नेमलाच नाही. मुलींनो, ती रिकामी जागा म्हणजे तुमची नोकरी.

पण आज प्रत्यक्ष नोकऱ्या कुठे आहेत? आहेत, दुसऱ्या नावांनी आहेत, आणि नुसतं पदनाम वाचून त्या सापडत नाहीत, जाहिरातीचा मजकूर वाचावा लागतो. 2013 च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचं मूल्यांकन बंधनकारक केलं. इरावतीबाईंनी कोयनेत केलं ते आता कायद्याने करावं लागतं. पर्यावरणीय मंजुरीचा अहवाल करणाऱ्या सल्लागार संस्थेकडे सामाजिक-आर्थिक विषयाचा मान्यताप्राप्त तज्ज्ञ असावा लागतो. बालविकास प्रकल्प अधिकारी, अन्नसुरक्षा अधिकारी, रुग्णालयातले आहारतज्ज्ञ या जागा तर आमच्या विद्यार्थिनींच्या ओळखीच्याच. वनहक्क कायद्याखाली ज्या गावांना सामूहिक हक्क मिळाले, त्या गावांना जंगलाचा आराखडा करायला माणूस लागतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने तो रस्ता 2009 मध्येच दाखवला. इथे तरमणीत एम. एस. स्वामिनाथन यांनी 1988 मध्ये स्थापन केलेल्या संशोधन प्रतिष्ठानात शेतकरी, कोळी आणि खारफुटी एकत्र अभ्यासली जातात. उष्णतेच्या लाटांसाठी शहरं आता कृती आराखडे करत आहेत. दुपारी दोन वाजता पत्र्याच्या घरात किती तापतं, हे उपग्रहावरून पुरतं कळत नाही.

एक अट मात्र मी माझ्या प्रत्येक विद्यार्थिनीला घालते: जिथे काम, तिथली भाषा. परभणीहून चेन्नईला येणार असशील तर तमिळ शीक. दुभाष्याच्या मदतीने घराच्या उंबरठ्यापर्यंतच जाता येतं.

आता जे बोलायला जड जातं ते बोलते. यातल्या बऱ्याच नोकऱ्या अकरा महिन्यांच्या करारावर असतात. प्रकल्प संपला की माणूस संपला. याचं कारण मला अंगणवाडीत दिसतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांच्या दारात शाळा नेली. अंगणवाडी हा शब्द ताराबाईंच्या कामातून आला. 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्राने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तो शब्द देशभर गेला. मुलांची वजनं, गरोदर बाईचा आहार, गावाचं पाणी, लसीकरण, हे सगळं जी बाई बघते ती या देशातली खरीखुरी मानवी परिस्थितिविज्ञ आहे. तिला आपण पगार देत नाही, मानधन देतो. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल 2022 मध्ये सांगावं लागलं. 46 वर्षांहून अधिक काळानंतर. पायथ्याशी जे काम ‘सेवा’ म्हणून स्वस्तात करून घेतलं जातं, त्याच कामाच्या वरच्या पायरीला चांगला पगार कोण देईल? घरात बाईच्या कामाचा हिशेब नाही, म्हणून अंगणवाडीत नाही, म्हणून आमच्या पदवीलाही नाही.

तामिळनाडूने यात एक पाऊल पुढे टाकलं होतं. 1982 मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी पौष्टिक आहार योजना सुरू केली तेव्हा प्रत्येक केंद्राला संयोजक, स्वयंपाकी, मदतनीस अशी पदं दिली. पगार अजून तुटपुंजाच आहे, पण पद आहे, आणि पद असलं की त्यासाठी भांडता येतं.

माझी एक विद्यार्थिनी, वर्गात पहिली आलेली, एका स्थानिक संस्थेच्या पूर-पुनर्वसनाच्या कामासाठी अर्ज करत होती. काम तंतोतंत तिचं होतं. अर्जातल्या पदव्यांच्या यादीत तिची पदवीच नव्हती. तिने ‘इतर’ निवडलं आणि अर्ज छाननीतच बाद झाला. आज ती एका खासगी शिकवणीत रसायनशास्त्र शिकवते. त्या पुरात उठलेल्या वस्तीला तिच्यासारखी मुलगी मिळाली नाही, हे नुकसान तिच्यापेक्षा वस्तीचं मोठं आहे.

म्हणून अध्यक्ष या नात्याने मी या सभेपुढे एक ठराव ठेवते. महाराष्ट्र आणि तामिळनाडू, दोन्ही राज्यांच्या शासनांनी पुनर्वसन, आपत्ती व्यवस्थापन, उष्णता-कृती आराखडे आणि पाणीपुरवठा या विभागांच्या भरतीत, पात्रतेच्या रकान्यात, गृहविज्ञान, सामुदायिक विज्ञान आणि मानवी परिस्थितिविज्ञान या तिन्ही नावांच्या पदव्या स्पष्ट लिहाव्यात. आणि अंगणवाडी सेविकेच्या मानधनाऐवजी वेतन हा शब्द वापरावा व तसं वेतन द्यावं. मसुदा तमिळ, मराठी आणि इंग्रजीत तयार आहे. जेवणाच्या सुट्टीआधी दाराशी ठेवलेल्या वहीत प्रत्येकाने सही करावी, ही माझी विनंती आहे.