तबकडीवरचे ग्रंथालय



ग्रंथसंख्येपेक्षा ग्रंथनिवड मोठी, हे ग्रंथालयाचे जुने सूत्र. मायकेल हार्ट यांनी १९७१ साली इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकित केला आणि ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’चा पाया घातला. २००३ साली या प्रकल्पाने सुमारे ६०० पुस्तकांची सीडी आणि ९ हजारांहून अधिक पुस्तकांची डीव्हीडी सिद्ध केली. पुढे वाचकाने हवी ती पुस्तके निवडून स्वतःची तबकडी तयार करावी, अशीही सोय झाली. इंटरनेट न पोहोचलेल्या घरी ग्रंथ पोहोचवण्याचा तो मार्ग होता.

मराठीत असा संग्रह करणाऱ्याने कायदा जाणला पाहिजे. भारतात लेखकाच्या निधनवर्षानंतर ६० वर्षांनी त्याचे प्रकाशित साहित्य मुक्त होते. १९१९ साली निवर्तलेल्या हरिभाऊ आपटे यांच्या कादंबऱ्या मुक्त आहेत. परंतु नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेवर किंवा अनुवादावर स्वतंत्र हक्क असू शकतो.

तबकडीही अमर नाही. ती खराब होते. ती वाचणारी यंत्रेही दुर्मीळ होत आहेत. म्हणून प्रती अनेक असाव्यात आणि वेळोवेळी नव्या साधनांवर उतरवाव्यात. पोथ्या टिकल्या त्या पुन्हा पुन्हा नकलल्या गेल्या म्हणूनच. साधन बदलते, निवडण्याचे आणि जपण्याचे व्रत मात्र ग्रंथपालाचेच राहते.