खेळते भांडवल : लघुउद्योगाचा प्राणवायू



उद्योग काढावयाचा म्हटला की मध्यमवर्गीय घरात पहिला प्रश्न येतो, 'भांडवल कोठून आणावयाचे?' मुंबईतील सात गुजराती भगिनींनी या प्रश्नाचे उत्तर १९५९ मध्येच दिले आहे. १५ मार्च रोजी, उसन्या ८० रुपयांच्या बळावर, गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर त्या पापड लाटावयास बसल्या. त्या दिवशी तयार झाली अवघी चार पाकिटे. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात. चार महिने काम थांबले. पुढील वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली पेटता स्टोव्ह. काम पावसातही चालू राहिले. हाच पुढे 'लिज्जत' म्हणून घरोघरी पोहोचलेला उद्योग. अडचण नेमकी ओळखावी आणि ती सुटेल एवढाच खर्च करावा, हा त्यातील धडा.

खरी कसोटी मात्र उद्योग वाढू लागल्यावर लागते. समजा, मसाल्यांच्या एका घरगुती उद्योगाची मासिक विक्री एक लाख रुपये आहे आणि खर्च ऐंशी हजार. मिरची रोखीने घ्यावी लागते, मजुरी दर आठवड्याला द्यावी लागते. दुकानदार मात्र पैसे दोन महिन्यांनी देतो. म्हणजे पदरचे एक लाख साठ हजार कायम अडकलेले. विक्री दुप्पट झाली की ही रक्कम तीन लाख वीस हजार होते. वहीत नफा दिसतो, गल्ला रिकामाच राहतो आणि अखेर गृहिणीचे दागिने गहाण पडतात.

म्हणून उद्योजकाने काही पथ्ये पाळावीत. घरखर्च व धंदा यांची बँक खाती वेगळी ठेवावीत. स्वतःचे वेतन ठरवून तेवढेच उचलावे. उधारीची मुदत लेखी घ्यावी. एकाच ग्राहकावर विसंबू नये. 'उद्यम' नोंदणी विनामूल्य आहे. ती व्यवहारापूर्वीच करावी. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाचे आणि सेवा पुरवठादाराचे पैसे लेखी करार असल्यास फार तर ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास चक्रवाढ व्याज मागता येते. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यास मात्र हे संरक्षण नाही.

मोठी मागणी आली की हुरळून न जाता, 'पैसे हाती केव्हा येणार?' हे आधी विचारावे. ते विचारण्यात संकोच कसला? ज्याला आपल्या घामाचे मोल वेळेवर मागता येते, तोच चार घरांच्या चुली पेटत्या ठेवू शकतो.