तंबाखूच्या पेठेतील वखारी

एखाद्या माळरानात सोने सापडल्याची वार्ता पसरली की तेथे पाहता पाहता नगर वसते. कोलारच्या माळावर तसेच घडले. १८८० नंतर जॉन टेलर आणि कंपनीने तेथे खाणी चालविल्या. बंगले, क्लब, दुकाने आणि मजुरांच्या वसाहती उभ्या राहिल्या. तीन किलोमीटरांहून अधिक खोल गेलेल्या त्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. सोने संपले आणि ते कोणी खणले हे सांगण्यास मागे राहिलेल्या इमारतीच उरल्या.

बेळगाव जिल्ह्याच्या उत्तर टोकास असलेल्या निपाणीलाही अशीच भरभराट लाभली. तेथील सोने मात्र भूगर्भात नव्हते. ते वेदगंगा-दूधगंगेच्या काळ्या रानात दरवर्षी पानांच्या रूपाने उगवत होते. विडीच्या तंबाखूचे देशात जे दोन नामांकित प्रदेश आहेत, त्यांत गुजरातेतील चरोतर हा एक आणि निपाणीचा परिसर हा दुसरा.

निपाणी ही मुळात व्यापाऱ्यांची नव्हे, सरदारांची. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील मातब्बर सरदार सिद्धोजीराव नाईक-निंबाळकर, म्हणजेच आप्पा देसाई निपाणकर, यांचे हे ठाणे. पेशवाई बुडाल्यावरही इंग्रजांनी त्यांच्याकडे जहागीर राहू दिली. परंतु १८३९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि औरस वारसाअभावी ती खालसा झाली. निपाणकरांचा वाडा त्या वैभवाची साक्ष देतो. सरदारकी गेली तरी गाव ओसाड पडले नाही. पुणे-बेळगाव रस्ता गावातूनच जात होता आणि भोवतालची जमीन कसदार होती. १८९१ मध्ये कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली. निपाणीला मात्र ती कधीच आली नाही, म्हणून मालाची सारी भिस्त बैलगाड्यांवर आणि पुढे मालमोटारींवर राहिली.

विसाव्या शतकाच्या आरंभी टेंभुर्णीच्या पानात वळलेल्या विडीचा खप देशभर वाढला आणि निपाणीच्या पेठेचे नशीब उजळले. स्थानिक लिंगायत, जैन व मराठा व्यापाऱ्यांच्या शेजारी गुजराती आणि मारवाडी पेढ्या आल्या. बाहेरून आलेल्या व्यापाऱ्याने प्रथम पेढी मांडावी, मग वखार बांधावी आणि मुलेबाळे आणून गावचाच होऊन जावे, असा हा क्रम होता.

वखारीची बांधणी मालाच्या स्वभावावरून ठरते. तंबाखूला ओल लागली तर बुरशी चढते आणि तो फार सुकला तर पानांचा भुगा होतो. म्हणून भिंती जाड, खिडक्या थोड्या, दरवाजे गाडी आत येईल एवढे रुंद आणि मध्ये माल चाळण्यासाठी व निवडण्यासाठी मोकळी जागा. या इमारतींत नक्षी शोधणाऱ्याची निराशा होईल. पण शहाणपण शोधणाऱ्यास ते विटेविटेत आढळेल.

या जाड भिंतींना सरकारी कायद्याचाही आधार मिळाला. १९४३ मध्ये कच्च्या तंबाखूवर अबकारी कर बसला. त्यापुढे माल साठविणे आणि हलविणे परवान्याशिवाय अशक्य झाले. परवाना व वखार ज्याच्या हाती, भावही त्याच्याच हाती. शेतकऱ्याने भर पावसात रोप लावावे, शेंडा खुडावा, फूट काढावी, उन्हात पान वाळवावे, आणि शेवटी व्यापारी जो आकडा सांगेल तो मुकाट्याने ऐकावा, असा व्यवहार रूढ झाला. उचल, कडता आणि हप्त्याहप्त्याने मिळणारे पैसे हे शब्द त्या भागातील प्रत्येक कुटुंबास परिचित होते. हा कर १९७९ मध्ये उठला. सवयी मात्र लगेच उठल्या नाहीत.

१४ मार्च १९८१ रोजी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक पुणे-बंगलोर महामार्गावर ठाण मांडून बसले. तीन आठवड्यांहून अधिक काळ तो रस्ता हेच त्यांचे घर झाले. ६ एप्रिल रोजी पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. ज्या रस्त्याने पेठेत संपत्ती आणली, त्याच रस्त्यावर ती पिकविणाऱ्यांचे रक्त सांडले.

वखारीच्या आत आणखी एक जग होते. तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या, निवडणाऱ्या बहुतेक स्त्रियाच होत्या. दिवसभर नाकातोंडात जाणारी ती तिखट धूळ, ठसका, मळमळ आणि हातावर पडणारी तुटपुंजी मजुरी हे त्यांचे प्राक्तन समजले जाई. त्यांनी ते प्राक्तन मानण्याचे नाकारले आणि संघटना उभारली. युगांतर या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने १९८२ मध्ये त्यांच्या लढ्यावर बोलपट काढला. त्यामुळे त्यांचे चेहरे आणि आवाज तरी जतन झाले.

व्यापाऱ्यांना केवळ दोष देऊन हा इतिहास पुरा होत नाही. त्यांच्या पैशातून गावाला विद्याही मिळाली. देवचंद शहा यांच्या नावाचे महाविद्यालय १९६१ मध्ये सुरू झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी निपाणी म्हैसूर राज्यात गेली होती. हे महाविद्यालय मात्र गावाला लागूनच, सीमेपलीकडे, कागल तालुक्यातील अर्जुननगरात उभे आहे. सीमेवरील मुलांना मराठीतून उच्च शिक्षणाची वाट त्यामुळे जवळ आली. ज्या पानाचा धूर छातीत साठतो, त्याच पानाच्या पैशातून मुलांच्या हाती पुस्तक यावे, ही विसंगती निपाणीच्या वाट्याला आली आहे.

आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तंबाखूपासून कर्करोग होतो, हे आज शाळेतील मूलही जाणते. २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आणली. या व्यापाराचे गोडवे गाण्याचा काळ गेला. परंतु व्यापार निंद्य ठरला म्हणून त्यात खपलेल्या माणसांचे कष्ट निंद्य ठरत नाहीत.

वाडे आणि देवळे जपावीत हे सर्वांस पटते. वखार पाडताना मात्र कोणाला हळहळ वाटत नाही. तिची जागा मोलाची, भिंती बिनमोलाच्या. निदान एखादी जुनी वखार गावाने राखावी. तिच्या दारावर मालकाचे नाव असावे, ते योग्यच आहे. पण आत वजनकाटा आणि चाळणीही ठेवावी, आणि त्यांच्याजवळ पान पिकविणाऱ्या शेतकऱ्याची व ते चाळणाऱ्या बाईची हकीकत लिहावी. पुढल्या पिढीतील मुलाने ती वाचून घरी जावे आणि आपल्या आजीला विचारावे, तू कोणत्या वखारीत होतीस? ज्या गावात हा प्रश्न विचारला जाईल, त्या गावाला आपला इतिहास दुसऱ्याकडून ऐकावा लागणार नाही.