चिंता आणि चिंतन

मंडळी, चिंता आणि चिंतन दोन्ही डोक्यातच बसतात. पण चिंता म्हणजे घाण्याचा बैल. रात्रभर चालला तरी सकाळी तिथंच. चिंतन मात्र हाताला काम लावतं.

आपल्या सेवाग्रामचंच पाहा ना. 1939 साल. परचुरे शास्त्री, संस्कृतचे मोठे पंडित, बापूंच्या वेळी येरवड्याच्या तुरुंगात राहिलेले, महारोग घेऊन आश्रमाच्या दारी आले. विचाराला अंत होता का? रोग दुसऱ्याला लागला तर? लोक काय म्हणतील? आणि बरा करू म्हणावं, तर त्या काळी आजच्यासारखं खात्रीचं औषध नव्हतं. मोठ्या प्रश्नाला उत्तरच नाही! पण माउली, माणूस तर दारात उभा आहे. त्याला आज रात्री निजायला जागा पाहिजे. बापूंनी आश्रमवासीयांना विचारलं, आपल्या कुटीजवळ त्यांना कुटी बांधून दिली, आणि स्वतःच्या हातानं रोज मालिश केली. ती परचुरे कुटी आजही उभी आहे. लेकरांना घेऊन जा, दाखवा.

आता आपलं. कापसाचा भाव आपण जागलो म्हणून वाढतो काय? उद्या सकाळी बँकेचं पासबुक, कृषी केंद्राची उधारी, सावकाराची चिठ्ठी, सगळं एका जागी मांडा. बेरीज करा. कोणतं आधी फेडायचं, कोणतं थांबेल, बँकेत जाऊन विचारा. आणि तो आकडा घरच्या लक्ष्मीला सांगा. तिला बरंचसं ठाऊक असतं हो, फक्त तुमच्या तोंडून ऐकायचं राहिलेलं असतं.