लोहाचा जमाखर्च



१८९४ साली मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी मिरजेत रुग्णालय उभारले, तेव्हापासून कृष्णाकाठी वैद्यकसेवेची जी परंपरा चालत आली तिचे वारसदार असलेल्या या सभेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दल ऋण व्यक्त करून मी थेट अशा एका व्याधीकडे वळतो, जी आपल्यापुढे रोज येऊन बसते आणि जिची वासलात आपण एका चिठ्ठीवर लावतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया पांडुरोगी आढळल्या.

हा पांडुरोग समजून घ्यायचा तर आधी लोहाचा जमाखर्च पाहायला हवा. प्रौढ देहात सारे मिळून तीन-चार ग्रॅम लोह असते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती जीर्ण झाली की प्लीहेतील भक्षक पेशी तिचे विघटन करून रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह पुन्हा मज्जेच्या हवाली करतात, आणि आतड्यातून नवे येते ते अवघे एक-दोन मिलिग्रॅम. जादा लोह बाहेर टाकण्याची तजवीज मात्र देहात नाही. लोहाचे नियमन उत्सर्गाने नव्हे, शोषणाने होते, हे मॅकॅन्स आणि विडोसन या संशोधकांनी १९३७ सालीच प्रतिपादिले. सारा बंदोबस्त ग्रहणीच्या जकातनाक्यावर. त्या नाक्याला हुकूम सुटतो यकृतातून: हेपसिडिन हे संप्रेरक आतड्याच्या पेशीचे फेरोपोर्टिन नावाचे निर्गमद्वार नष्ट करते, मग आत शिरलेले लोह तेथेच अडकते आणि काही दिवसांत ती पेशी गळाली की मलावाटे निघून जाते. देहातील लोहाचे कोठार रिते झाले की हेपसिडिन घटते व नाका मोकळा होतो. परंतु ज्वर वा दाह असेल, तर कोठार रिते असूनही तो बंद राहतो, कारण जंतूंनाही लोहच हवे असते.

आता हंगामात उसाच्या फडावरून येणारी तोडणी मजूर बाई पाहा. खालची पापणी ओढावी तो आतले अस्तर पांढुरके, नखे खोलगट, पायांच्या टाचा चिरलेल्या. "गोळ्या घेताय ना?" असे विचारले की उत्तर येते, "घेते की, सकाळच्या च्यासंगं." चहातील टॅनिन त्या गोळीतले बरेचसे लोह बांधून टाकते, आणि भाकरीतील फायटेट अन्नातल्या लोहाचीही वाट अडवते. उलट, मोड आलेल्या हुलग्यांच्या उसळीवर लिंबू पिळले तर त्याच ताटातून अधिक लोह रक्तात उतरते. शिवाय एक मोठी मात्रा घेतल्यावर हेपसिडिन सुमारे चोवीस तास चढलेले राहते. म्हणून दिवसातून दोनदा गोळी दिल्याने लोह दुप्पट मिळत नाही, मळमळ मात्र वाढते, आणि मळमळीनेच बाई गोळ्या सोडून देते. तिला बेफिकीर ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

गर्भारपणात लागणारे जादा लोह एक ग्रॅमच्या घरात जाते. रिक्त कोठाराने त्या नऊ महिन्यांत प्रवेश करणारी स्त्री ते आणणार कोठून? म्हणून माझी आपणां सर्वांस कळकळीची विनंती आहे, की लोहाच्या गोळीची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी चहाची वेळ, अंगातला ताप, पाळीचा स्राव आणि अनवाणी राबणे, म्हणजेच अंकुशकृमीचा संभव, यांची नोंद प्रत्येक केसपेपरावर करावी, आणि हा प्रघात या हंगामापासूनच पाडावा.