बोलका कागद

सुरत-भुसावळ लोहमार्गावर, धुळें जिल्ह्यांत, नरडाणा हें गांव आहे. अशा गांवीं पूर्वीं पत्र आलें म्हणजे तें वाचून घेण्यासाठीं मास्तरांचें नाहींतर पोस्टमनचें दार गांठावें लागे. मजकूर कळे, पण लेकीच्या सासरचें दुखणें, भावाभावांतली वांटणी, सावकारानें दिलेली मुदत, सारें आधीं परक्याच्या तोंडीं येई आणि मग आपल्या कानीं पडे. वाचणारा एकादी ओळ गाळीत तर नाहीं ना, ही शंकाहि मनांत असेच. गांवोगांवीं शाळा झाल्या आणि बहुतेकांची ही पराधीनता संपली. अंध माणसाची मात्र संपली नाहीं. तो पदवीधर असला तरी छापील कागद हातीं आला कीं त्याला कोणाची तरी वाट पहावीच लागे.

लुई ब्रेलनें १८२९ सालीं उठावाच्या ठिपक्यांची लिपि प्रसिद्ध केली, आणि १९५१ सालीं भारतीय भाषांना मिळून एक समान ब्रेल लिपि ठरली. या लिपीचे उपकार मोठे आहेत. परंतु ब्रेल पुस्तक जाड कागदाचें व अवजड; शिवाय तलाठ्याचा उतारा, बँकेचें पत्र, परीक्षेच्या आदल्या रात्रीं मित्रानें दिलेलीं टिपणें, हीं ब्रेलमध्यें कोण छापून देणार? ही उणीव स्क्रीन रीडर या आज्ञावलीनें पुष्कळशी भरून काढली. संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावरील मजकूर ती आवाजांत वाचून दाखविते. मायकेल करन या ऑस्ट्रेलियांतील अंध तरुणानें २००६ सालीं आरंभिलेली ‘एनव्हीडीए’ तर विनामूल्य मिळते आणि मराठीहि वाचते.

मग अडतें कोठें? अडतें तें कागदापाशीं. समजा, नरडाण्याच्या एकाद्या अंध विद्यार्थ्याला कोणी इतिहासाच्या पुस्तकाचीं पानें मोबाइलवर टिपून पाठविलीं. डोळसाला त्यांत अक्षरें दिसतात. यंत्राच्या लेखीं तें नुसतें चित्र आहे, त्यांत क नाहीं कीं ख नाहीं. म्हणून त्या चित्रांतून अक्षरें ओळखून काढणारी ओसीआर नांवाची आज्ञावली आधीं चालवावी लागते. देवनागरी तिला जड जाते. अक्षरें शिरोरेषेनें एकमेकांस जोडलेलीं, वर मात्रा, खालीं उकार! छपाई पुसट असली कीं ‘घर’चें ‘धर’ होतें, ‘भात’ जाऊन ‘मात’ येते. आणि जुन्या वळणाचा ख म्हणजे तर शेजारीं शेजारीं बसलेले र आणि व, त्यामुळें ‘खाना’ ‘रवाना’ व्हायला वेळ लागत नाहीं. पान दोन रकान्यांचें असेल तर डावीकडची ओळ संपतांच यंत्र कधीं कधीं उजव्या रकान्यांत उडी घेतें, आणि पानिपतावरचें वाक्य दुष्काळाच्या वाक्यांत जाऊन मिळतें.

दुसरी अडचण आपल्या लिपीच्या वाट्याला विशेष आलेली. युनिकोड रूढ होण्यापूर्वींचा कितीतरी मराठी मजकूर जुन्या फॉंटांत टंकलिखित झालेला आहे. त्या फॉंटांत इंग्रजी अक्षरांच्याच जागीं देवनागरीचे आकार बसविलेले असत. पडद्यावर ‘शेतकरी’ दिसतो. आंत मात्र इंग्रजी अक्षरें आणि चिन्हें सांठविलेलीं असतात, आणि वाचणारी आज्ञावली बिचारी इमानानें तींच उच्चारते. असा मजकूर युनिकोडमध्यें आणणें म्हणजे केवळ अक्षराला अक्षर बदलणें नव्हे. पहिली वेलांटी डोळ्यांना व्यंजनाच्या आधीं दिसते, आणि जुन्या फॉंटांत ती तशीच आधीं सांठविलेली असे. युनिकोडमध्यें ती उच्चाराप्रमाणें व्यंजनानंतर येते. ‘धर्म’ शब्दांतील रफार जुन्या पद्धतींत म च्या मागून येई, युनिकोडमध्यें म च्या आधीं येतो. ही अदलाबदल यंत्राला शिकवितां येते, परंतु अवघड जोडाक्षर आलें कीं त्याचा पाय घसरण्याची भीति असतेच.

इतकें झाल्यावरहि काम सरत नाहीं. मथळा नुसता ठळक करून भागत नाहीं. तो मथळा आहे अशी खूण फाईलींत असेल तर ऐकणारा एक कळ दाबून पुढच्या प्रकरणावर जातो, नाहींतर तीनशें पानें सलग ऐकण्याची शिक्षा! कोष्टकांत आंकड्याबरोबर रकान्याचें नांवहि ऐकूं आलें पाहिजे. उताऱ्यांतला आंकडा क्षेत्राचा कीं आकाराचा, हें न कळलें तर शेताचा मालक पुन्हां शेजाऱ्याच्याच तोंडाकडे वळणार.

कायद्याची वाट मोकळी झालेली आहे. कॉपीराइटच्या कायद्यांत २०१२ सालीं झालेल्या दुरुस्तीनें अशा रूपांतरास मुभा दिली; माराकेश येथें २०१३ सालीं झालेल्या आंतरराष्ट्रीय करारास सर्वांआधीं, २०१४ सालीं, मान्यता दिली ती भारतानें. ‘सुगम्य पुस्तकालय’ हा अंधांसाठींचा ऑनलाइन ग्रंथसंग्रह २०१६ सालीं सुरू झाला. उणीव आहे ती काम करणाऱ्या हातांची.

धुळ्याच्या तुरुंगांत १९३२ सालीं विनोबांनीं अठरा रविवार गीतेवर प्रवचनें केलीं आणि साने गुरुजींनीं तीं उतरून घेतलीं, म्हणून तीं आज पुस्तकरूपानें हातीं आहेत. बोललेलें कागदावर आणण्यास तेथें विषय जाणणारा कान लागला. कागदावरचें पुन्हां बोलतें करण्यास तसाच जाणता डोळा लागतो. यंत्रानें काढलेला मजकूर मूळ पानाशीं ताडून पहाणें, ‘धर’चें ‘घर’ करणें, सुटलेला अनुस्वार जागेवर ठेवणें, हें काम शहरांतल्या कोणत्याहि सुशिक्षित घरीं दुपारच्या वेळांत होण्यासारखें आहे. त्याला संगणकाची विद्या थोडीच लागते. ऱ्हस्वदीर्घ मात्र चोख लागतें. दहा पानें तपासून झालीं कीं फाईल त्याच संध्याकाळीं नरडाण्यास पोंचते, आणि तो विद्यार्थी कानाला यंत्र लावून, घरांत कोणालाहि न उठवितां, पहिल्या पानापासून आरंभ करतो.